युद्धात जखमी झालेल्या वास्तूंची नोंद : कोण ठेवतं, कशी ठेवतं आणि कशासाठी?



युद्धाच्या बातम्या आता मुलांना वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. टीव्हीवर, मोबाईलवर त्या रोज त्यांच्यासमोर येतात. कोणाकडे किती रणगाडे आहेत, कोणतं विमान जास्त वेगाने उडतं, हे चौथी-पाचवीची मुलंसुद्धा सांगतात. पण युद्धात माणसांबरोबर आणखी काही जखमी होतं, त्याबद्दल वर्गात फारसं बोलणं होत नाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या मशिदी, चर्च, मंदिरं, ग्रंथालयं, संग्रहालयं, पूल, बाजारपेठा. त्यांनाच आपण सांस्कृतिक वारसा म्हणतो.

आजच्या पाठात तीन प्रश्नांची उत्तरं शोधू या. युद्ध चालू असताना या वास्तूंच्या नुकसानीवर लक्ष कोण ठेवतं? नोंद कशी करतात? आणि वास्तू पडलीच, तर नुसत्या कागदावरच्या नोंदीचा उपयोग काय? पाचवी ते आठवीच्या इतिहास आणि नागरिकशास्त्राच्या तासाला हा विषय घेता येईल.

१) निळी ढाल : वारशाचं संरक्षणचिन्ह

लाल क्रॉसचं चिन्ह मुलं ओळखतात. दवाखाना, रुग्णवाहिका, "इथे मारा करू नका" हा त्याचा अर्थ त्यांना माहीत असतो. तसंच एक चिन्ह वास्तूंसाठीही आहे, ते म्हणजे निळी-पांढरी ढाल.

दुसऱ्या महायुद्धात युरोपातली कितीतरी जुनी शहरं बेचिराख झाली. त्यानंतर १४ मे १९५४ रोजी नेदरलँड्समधल्या हेग या शहरात एक आंतरराष्ट्रीय करार झाला. सशस्त्र संघर्षाच्या काळात सांस्कृतिक संपत्तीचं रक्षण करण्याचा हा करार. भारतानेही १९५८ साली त्याला मान्यता दिली.

या करारात दोन्ही बाजूंवर जबाबदारी आहे, हे मुलांना मुद्दाम सांगावं. हल्ला करणाऱ्याने वारसा वास्तूवर मारा करायचा नाही. आणि ज्याच्या ताब्यात वास्तू आहे, त्याने तिथे तोफा लावायच्या नाहीत, सैन्याचा तळ करायचा नाही. देवळाच्या आडून दगड मारायचा आणि "देवळावर दगड मारू नका" असंही म्हणायचं, हे चालत नाही! अटळ लष्करी गरज असेल तर अपवाद करता येतो, अशी पळवाटही या करारात आहे. त्यावरून पुढे बरेच वाद झाले.

१९९९ साली या कराराला एक पूरक करार जोडला गेला. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की, वारशाच्या याद्या शांततेच्या काळातच तयार करून ठेवाव्यात. ही गोष्ट लक्षात ठेवा, आजच्या पाठाचं सगळं सार तिच्यात आहे.

२) दुब्रोव्निक : नोंदीचा धडा

ढाल लावली म्हणून तोफगोळा थांबतो का? नाही थांबत. याचं उदाहरण म्हणजे दुब्रोव्निक.

एड्रियाटिक समुद्राच्या काठावर, आजच्या क्रोएशिया देशात हे शहर आहे. जाडजूड दगडी तटबंदी, आत अरुंद गल्ल्या, लाल कौलांची छपरं. १९७९ साली युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारसा यादीत घेतलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथे मोठा भूकंप झाला. तडे गेलेल्या इमारती दुरुस्त करण्यासाठी शहरात एक संस्था स्थापन झाली आणि जुन्या शहराचा बारकाईने अभ्यास सुरू झाला. तेव्हा कोणाला वाटलं असेल, की बारा वर्षांत ही कागदपत्रं वेगळ्याच कामाला येतील!

१९९१ साली युगोस्लाव्हिया हा देश फुटला. ऑक्टोबरपासून युगोस्लाव्ह सैन्याने दुब्रोव्निकला वेढा घातला. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये शहरावर गोळे पडले आणि ६ डिसेंबर १९९१ रोजी सकाळपासून जुन्या शहरावर जोरदार मारा झाला. युनेस्कोचे झेंडे आणि हेग कराराचं चिन्ह तिथे लावलेलं होतं. युनेस्कोचे प्रतिनिधी स्वतः त्या दिवशी शहरात हजर होते. पावो उर्बान नावाचा एक तरुण फोटोग्राफर जुन्या शहराचे फोटो काढत होता. त्याच दिवशीच्या माऱ्यात तो गेला. त्याने शेवटच्या तासांत काढलेले फोटो मात्र राहिले.

मारा थांबल्यावर तिथल्या स्मारक संरक्षण संस्थेची माणसं कामाला लागली. ती इमारतीमागून इमारत तपासत गेली. छपराला गोळा कुठे लागला, भिंतीला किती तडे गेले, कोणतं कोरीव काम उडालं, आग कुठे लागली, हे सगळं त्यांनी लिहून घेतलं. १९९१ आणि १९९२ मिळून जुन्या शहरातल्या ८२४ इमारतींपैकी ५६३ इमारतींना मारा लागला होता, असा हिशेब निघाला. नऊ इमारती तर आगीत पूर्ण जळल्या.

हा आकडा मुलांना टक्केवारीत काढायला सांगा. १०० पैकी साधारण ६८ इमारती होतात. म्हणजे तीन घरांपैकी दोन घरं!

आज दुब्रोव्निक पुन्हा उभं आहे. तटबंदीवरून खाली पाहिलं की काही छपरं फिकट, जुन्या कौलांची दिसतात आणि काही गडद केशरी, नव्या कौलांची. शहराच्या दाराजवळ एक नकाशा लावला आहे. कोणत्या छपरावर गोळा पडला, कोणती इमारत जळली, ते त्यावर खुणांनी दाखवलं आहे. त्या नोंदीमुळेच दुरुस्ती कुठे करायची आणि मूळ वास्तू कशी होती, हे कळलं.

३) आकाशातून नजर : उपग्रह काय पाहतो?

दुब्रोव्निकमध्ये माणसं प्रत्यक्ष जाऊन पाहू शकली. पण जिथे जाणंच शक्य नाही, तिथे काय करायचं? इथे उपग्रह मदतीला येतो. संयुक्त राष्ट्रांचं 'युनोसॅट' नावाचं उपग्रह केंद्र हे काम करतं.

सीरियात पाल्मिरा नावाचं प्राचीन शहर आहे. तिथे इ.स. ३२ मध्ये अर्पण केलेलं बेल देवतेचं भव्य मंदिर होतं. २०१५ च्या ऑगस्टअखेर इस्लामिक स्टेट या संघटनेने ते स्फोटकांनी उडवल्याची बातमी आली. पण "मंदिर अजून उभं आहे" असंही सांगितलं जात होतं. खरं काय? युनोसॅटने २७ ऑगस्टचं आणि ३१ ऑगस्टचं उपग्रह चित्र शेजारी-शेजारी ठेवलं. पहिल्या चित्रात मंदिर होतं. दुसऱ्यात मंदिराच्या मुख्य इमारतीच्या जागी मोकळी जमीन दिसत होती. वाद संपला.

इथे मुलांना एक प्रश्न जरूर विचारा. नुसतं ३१ तारखेचं चित्र असतं, तर काय कळलं असतं? फारसं काहीच नाही. मोकळी जमीन म्हणजे मोकळी जमीन. तिथे काय होतं, हे आधीच्या चित्राने सांगितलं. आपण घरी दारावर मुलाची उंची पेन्सिलीने खूण करून ठेवतो ना? मागची खूण असते म्हणूनच पोरगं वाढलं हे कळतं. नुकसानीचंही तसंच आहे.

आता सीरियातल्याच अलेप्पो शहराचं उदाहरण घेऊ. डिसेंबर २०१४ मध्ये युनोसॅटने सीरियातल्या वारसास्थळांचा अहवाल प्रसिद्ध केला. अलेप्पोसह १८ भागांतली २९० ठिकाणं त्यात नोंदवली होती. त्यांची विभागणी अशी होती :

• पूर्ण नष्ट : २४
• गंभीर नुकसान : १०४
• मध्यम नुकसान : ८५
• नुकसान झालं असण्याची शक्यता : ७७

बेरीज करून पाहा, बरोबर २९० होते. गणिताच्या तासालाही हे उदाहरण चालेल.

या यादीतली शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ७७ ठिकाणी तज्ज्ञांना खात्री नव्हती. त्यांनी तसंच लिहिलं. आकडा मोठा दिसावा म्हणून ती ठिकाणं 'नष्ट' मध्ये ढकलली नाहीत आणि नको म्हणून गाळलीही नाहीत. जेवढं दिसलं तेवढंच लिहायचं, हा नोंदीचा पहिला नियम.

४) उपग्रहाला काय दिसत नाही?

उपग्रह वरून पाहतो. त्यामुळे छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. घुमट शाबूत दिसेल, पण आतली रंगवलेली चित्रं काळी पडली असतील, काचा फुटल्या असतील, पुस्तकं जळली असतील, वस्तू चोरीला गेल्या असतील. ढग असतील तर नेहमीच्या उपग्रह चित्रात खालचं काहीच दिसत नाही. म्हणून वरच्या नजरेला जमिनीवरच्या माणसांची जोड लागते.

युक्रेनमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून हे काम सुरू आहे. नुकसानीची बातमी आली की युनेस्को ती लगेच यादीत टाकत नाही. वेगवेगळ्या विश्वासू ठिकाणांहून आलेली माहिती एकमेकींशी ताडून पाहिली जाते, उपग्रह चित्रांचा आधार घेतला जातो आणि मगच ते स्थळ यादीत येतं. धार्मिक स्थळं, संग्रहालयं, ऐतिहासिक इमारती, स्मारकं, ग्रंथालयं असे त्यात वेगवेगळे गट आहेत. २०२५ पर्यंत या यादीतल्या स्थळांची संख्या ५०० च्या वर गेली.

युक्रेनमधल्या ओडेसा शहराचा जुना भाग जानेवारी २०२३ मध्ये जागतिक वारसा झाला आणि त्याच वेळी त्याचं नाव 'धोक्यातील वारसा' यादीतही घातलं गेलं. सहा महिन्यांनी, २३ जुलै २०२३ च्या हल्ल्यात तिथल्या मोठ्या कॅथेड्रलचं छप्पर फुटलं. यादीत नाव असल्यामुळे हल्ला टळला नाही. पण नुकसान झालं हे कोणाला नाकारता आलं नाही आणि दुरुस्तीसाठी मदत मागायला आधार मिळाला.

५) नोंद न्यायालयात जाते तेव्हा

"सर, मंदिर पाडणाऱ्याला शिक्षा होते का?" वर्गात हा प्रश्न हमखास येतो. मुलांना शेवटी न्याय हवा असतो. उत्तर आहे : होते. सगळ्यांना होत नाही, पण होते.

दुब्रोव्निकच्या माऱ्याचा खटला हेगमधल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात चालला. मिओद्राग योकिच या नौदल अधिकाऱ्याने गुन्हा कबूल केला, त्याला २००४ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. पावले स्त्रुगार या सेनाधिकाऱ्याला २००५ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली, ती २००८ मध्ये अपिलात साडेसात वर्षं करण्यात आली.

या खटल्यात एक अवघड मुद्दा होता. शहरावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही गोळे पडले होते. मग ६ डिसेंबरला नेमकं कोणतं नुकसान झालं? न्यायाधीशांनी एकेका इमारतीचा पुरावा तपासला. आरोपपत्रातली यादी मोठी होती. त्यातल्या ५२ इमारती आणि बांधकामांचं नुकसान त्या दिवशीचंच असल्याचं न्यायाधीशांनी स्त्रुगारच्या खटल्यात मान्य केलं. तारीख, जागा आणि कारण सांगता येईल, तेवढंच न्यायालयात टिकतं. मुलांच्या वहीत तारीख नसली की आपण का रागावतो, ते इथे त्यांना समजावून सांगता येईल!

दुसरं उदाहरण आफ्रिकेतल्या माली देशाचं. टिम्बक्टू शहरात मातीने बांधलेल्या जुन्या समाधी होत्या. २०१२ मध्ये सशस्त्र गटाने त्या पाडल्या. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अहमद अल महदी याला त्यासाठी नऊ वर्षांची शिक्षा सुनावली. नऊ समाधी आणि एका मशिदीचा दरवाजा, अशा दहा वास्तूंचा हा खटला होता. उपग्रह चित्रं आणि व्हिडिओ पुराव्यात होते. पुढच्या वर्षी न्यायालयाने २७ लाख युरोंची भरपाईही ठरवली. तोपर्यंत तिथल्या गवंड्यांनी समाधी पुन्हा बांधून काढल्या होत्या. त्यासाठी जुने फोटो आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी उपयोगी पडल्या.

६) माणसं मरत असताना दगडांची काळजी कशाला?

हा प्रश्न पालक विचारतात, मुलंही विचारतात. तो टाळू नये, कारण प्रश्न रास्त आहे.

पहिलं उत्तर सरळ आहे. माणूस आधी. जखमी माणूस आणि जखमी भिंत समोर असेल, तर माणसाकडेच धावायचं, यात दुमत नाही.

पण वास्तू बऱ्याचदा चुकून पडत नाही, मुद्दाम पाडली जाते. का? कारण ती कोणाची तरी ओळख असते. टिम्बक्टूच्या समाधींवर सैन्य नव्हतं, शस्त्रं नव्हती. तिथे पिढ्यान् पिढ्या लोक प्रार्थनेला येत होते, एवढंच. त्या समाधी पाडणं म्हणजे त्या लोकांना "तुम्ही इथले नाही" असं सांगणं. म्हणजे दगडावरचा घाव शेवटी माणसावरच असतो. युद्ध संपल्यावर घरी परतणाऱ्या माणसाला स्वतःचं गाव ओळखू यायला हवं ना?

नोंद ठेवणारेही जीव धोक्यात घालतात. पाल्मिराचे पुरातत्त्वज्ञ खालेद अल-असाद यांनी आयुष्यभर त्या शहराचा अभ्यास केला. ऑगस्ट २०१५ मध्ये, वयाची ऐंशी ओलांडलेली असताना, इस्लामिक स्टेटने त्यांची हत्या केली. म्हणून मुलांना हेही स्पष्ट सांगावं की, गोळीबार चालू असताना फोटो काढायला धावणं हे शौर्य म्हणून शिकवायचं नाही. नोंदीचं खरं मोठं काम शांततेच्या दिवसांत करायचं असतं.

७) आधीची नोंद नसेल तर? आपलंच उदाहरण

चौथीच्या शिवरायांच्या इतिहासात मुलांना रायगड भेटतो. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी रायगडाला वेढा घातला, पोटल्याच्या डोंगरावरून तोफांचा मारा केला आणि गडावर आग लागली. आज सहलीला गेल्यावर आपण मुलांना चौथरे दाखवतो, जोती दाखवतो. मुलं विचारतात, "यावर महाल कसा होता? खिडक्या कशा होत्या?" जुन्या वर्णनांतून आणि उत्खननातून अभ्यासक जमेल तेवढं जोडतात. पण आगीच्या आधीचं मोजमाप केलेलं चित्र आपल्या हाती नाही. दुब्रोव्निकचं छप्पर पुन्हा होतं तसं घालता आलं. रायगडाच्या महालाचं आपल्याला नेमकं सांगताही येत नाही. नोंद असणं आणि नसणं यातला फरक याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

८) वर्गात काय करता येईल?

उपक्रम १ : निळी ढाल काढणे. ढालीच्या खालच्या टोकाला एक कोन येईल असा निळा चौकोन, त्याच्या वर निळा त्रिकोण आणि दोन्ही बाजूंना एकेक पांढरा त्रिकोण. चित्रकला आणि भूमिती दोन्ही होतात.

उपक्रम २ : 'आधीची नोंद'. गावातली एक जुनी वास्तू निवडा. मंदिर, दर्गा, वेस, बारव, जुना वाडा, काहीही चालेल. चार-पाच मुलांचा एक गट करा आणि एक पान भरायला सांगा :

• वास्तूचं नाव, जागा आणि नोंदीची तारीख
• चारही बाजूंनी फोटो किंवा चित्र. उभं कुठे राहिलात ते लिहा, म्हणजे पुढच्या वेळी तिथूनच फोटो घेता येईल.
• दाराची, पायरीची, खांबाची टेपने घेतलेली मापं
• आत्ता दिसणारे तडे, पडलेले दगड, उगवलेली झाडं
• दोन वेगळे रकाने : 'आम्ही पाहिलं' आणि 'आम्हाला सांगितलं'

पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा ही नोंद करा. दोन्ही पानं शेजारी ठेवून फरक शोधायला सांगा. मुलं पडक्या भिंतीवर चढणार नाहीत, बारवेत उतरणार नाहीत, याकडे मात्र शिक्षकांनी स्वतः लक्ष द्यावं.

उपक्रम ३ : पालकांसाठी. घरातले जुने अल्बम काढा. लग्नाच्या, जत्रेच्या फोटोत मागे गावचं देऊळ, वेस, जुनी शाळा दिसते का ते मुलांबरोबर पाहा. फोटोच्या मागे साल आणि जागा लिहून ठेवा. टिम्बक्टूच्या गवंड्यांना असेच फोटो कामी आले.

९) स्वाध्याय

१. हेग करारानुसार हल्ला करणाऱ्यावर आणि बचाव करणाऱ्यावर कोणती जबाबदारी आहे?
२. बेल मंदिराच्या उदाहरणात दोन चित्रांची गरज का पडली?
३. उपग्रह चित्रातून कोणतं नुकसान कळत नाही? तीन उदाहरणं लिहा.
४. 'नुकसान झालं असण्याची शक्यता' असा वेगळा गट ठेवणं का योग्य आहे?
५. विचार करा : तुमच्या गावातली एखादी वास्तू उद्या पडली, तर ती कशी होती हे सांगायला आज कोणता पुरावा आहे?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वह्यांमध्ये "काहीच नाही" असं येईल. ते बरोबर म्हणून तपासा आणि त्याच आठवड्यात दुसरा उपक्रम सुरू करा. त्यासाठी एक टेप, एक वही आणि एक मोबाईल पुरतो.